कॅम्पसमध्ये आंदोलन करायचंय? निवेदनापासून चौकशी समितीपर्यंतची कागदी वाट

दरवर्षी जून-जुलैत किनवट, पाटोदा, सेनगाव, भूम अशा तालुक्यांतून पोरं-पोरी विद्यापीठात दाखल होतात. वसतिगृहाच्या नळाला पाणी नसतं, फेलोशिपचा हप्ता कुठंतरी मंत्रालयात अडकलेला असतो, परीक्षा शुल्क न सांगता वाढलेलं असतं. दिवाळीच्या आत एखाद्या ठिय्यात बसायची वेळ बहुतेकांवर येते.

मराठवाड्याला हे नवं नाही. 1938 मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून निजामाच्या राज्यात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजापासून हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत विद्यार्थी काढून टाकले गेले आणि त्यातल्या कित्येकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. 1974 चं मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांनीच पेटवलं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव 27 जुलै 1978 ला विधिमंडळात झाला आणि नामविस्तार प्रत्यक्षात आला 14 जानेवारी 1994 ला. मधली सोळा वर्षं रस्त्यावर, तुरुंगात आणि दवाखान्यात गेली.

एवढा इतिहास असूनही घोषणा शिकवणारे सीनियर पायलीचे पन्नास मिळतात, पण कारणे दाखवा नोटिशीला उत्तर कसं लिहायचं हे सांगणारा एक सापडत नाही. निवेदन घेऊन कुलसचिवांच्या दारात मी थांबलेलो आहे आणि चौकशी समितीसमोरच्या खुर्चीतही बसलेलो आहे. विद्यापीठ कोणतं ते सोडा. तिथं कळलं ते एवढंच, की शिस्तभंगाच्या प्रकरणात कोण जोरात बोललं याला फार किंमत नसते. कोणाकडे तारखेचा, शिक्क्याचा कागद आहे ते बघितलं जातं. म्हणून खाली सगळं कागदाच्या क्रमाने लिहिलंय. गंभीर गुन्हा लागला असेल तर मात्र हा लेख बाजूला ठेवा आणि आधी वकील गाठा.

1. तुम्ही कोणाच्या नियमाखाली आहात ते आधी बघा

छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ ही दोन्ही महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 खाली चालतात. पहिल्याकडे संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव. दुसऱ्याकडे नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाला कृषी विद्यापीठांचा वेगळा कायदा आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातली मुलं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली असतात. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे, तिथले नियम त्या संस्थेचे.

हे सांगायचं कारण असं, की एका विद्यापीठात चाललेली गोष्ट दुसऱ्यात चालेलच असं नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने 2023 मध्ये नियमावली काढली आणि शैक्षणिक इमारतीपासून 100 मीटरच्या आत धरणं धरलं तर 20,000 रुपयांपर्यंत दंड ठेवला. तुमच्याकडे असा नियम आहे का, हे आंदोलनाआधी माहीत हवं.

तीन कागद मिळवा: विद्यापीठाचे शिस्तीबाबतचे नियम, वसतिगृहाची नियमावली, आणि प्रवेशाच्या वेळी तुम्ही न वाचता सही केलेलं हमीपत्र. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच कोणाकडे नसतो. विभागातून झेरॉक्स मागून घ्या.

राज्यघटनेचा अनुच्छेद 19 बोलण्याचा, शस्त्राशिवाय शांततेने जमण्याचा आणि संघटना करण्याचा हक्क देतो. सरकारी विद्यापीठावर तो थेट बंधनकारक आहे. विनाअनुदानित खासगी कॉलेजात हीच गोष्ट इतकी सरळ नसते. तिथे मूळ विद्यापीठाचे नियम आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम हाताशी धरावे लागतात. आणि याच अनुच्छेदात सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी वाजवी निर्बंध घालायची मुभाही आहे. भाषणात हा भाग कोणी सांगत नाही, समिती मात्र पहिल्याच वाक्यात सांगते.

2. मागणी आधी कागदावर

मंडप टाकायच्या आधी निवेदन द्या. एका पानाचं, मागण्या तीन-चार, प्रत्येक मागणी कोणाच्या अधिकारातली आहे ते लिहिलेलं. वसतिगृहाचं पाणी हा विषय कुलगुरूंच्या हातात आहे; फेलोशिपची रक्कम बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांकडून येते. दोन्ही एकाच निवेदनात कोंबलं की प्रशासन दुसऱ्या मागणीवर बोट ठेवतं आणि पहिलीही बाजूला सारतं.

निवेदन कुलसचिवांच्या नावे, आवक-जावक विभागात. इथे काय होतं ते सांगतो. खिडकीवरचा कर्मचारी कागद हातात घेतो, वरून खाली वाचतो, मागे ठेवतो आणि म्हणतो, ‘ठेवून जा, साहेबांना दाखवतो.’ तुम्ही थँक्यू म्हणून बाहेर पडता. संपलं. पुढे ‘विद्यार्थ्यांनी कोणतीही पूर्वसूचना न देता आंदोलन केले’ असं नोटिशीत आलं की तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही. म्हणून दुसरी प्रत पुढे करायची आणि नम्रपणे म्हणायचं, ‘दादा, याच्यावर आवक क्रमांक आणि तारीख टाका.’ शिक्का जेवायच्या सुट्टीत कपाटात गेलेला असेल तर थांबा. नकार मिळाला तर तेच निवेदन पोस्टाच्या स्पीड पोस्टाने आणि विद्यापीठाच्या अधिकृत ईमेलवर, दोन्हीकडे पाठवा. टपालाची पावती जपून ठेवा.

एक वाक्य कधीही लिहू नका: ‘अन्यथा आम्ही आत्मदहन करू.’ आपल्याकडे निवेदनाच्या शेवटी हे वाक्य सवयीने येतं, टाइप करून देणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरच ते तयार असतं. भारतीय न्याय संहितेचं कलम 226 असं आहे, की लोकसेवकाला काम करायला किंवा न करायला भाग पाडण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नुसत्या इशाऱ्यावर लगेच गुन्हा होतो असं नाही, पण पोलिसांना तुम्हाला आधीच उचलायला लेखी कारण मिळतं आणि मूळ मागणी बाजूलाच पडते. ‘लोकशाही मार्गाने बेमुदत धरणे’ एवढं पुरे.

3. परवानगी: गेटच्या आत एक, बाहेर दुसरी

आत विद्यापीठ, बाहेर पोलिस. बहुतेक नवख्यांचा घोळ इथेच होतो. कुलसचिवांना निवेदन दिलं म्हणजे गेटबाहेर मोर्चा काढायची मुभा मिळाली असं होत नाही, आणि पोलिस ठाण्यात पत्र दिलं म्हणून प्रशासकीय इमारतीच्या पायऱ्यांवर बसता येतं असंही नाही.

आतल्या ठिय्यासाठी ठिकाण, तारीख, वेळ आणि अंदाजे संख्या लिहून कुलसचिव आणि विद्यार्थी विकास विभाग, दोघांना कळवा. पत्रात ‘रुग्णवाहिका, परीक्षा आणि कार्यालयात येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडथळा होणार नाही’ हे वाक्य घाला आणि ते पाळा.

बाहेरच्या कार्यक्रमासाठी हद्दीतल्या पोलिस ठाण्याला पत्र. तिथे गोपनीय शाखेचा अंमलदार तुमचं नाव, गाव, मोबाईल, संघटना विचारेल. घाबरायचं काही नाही, नोंद ठेवणं हे त्याचं कामच आहे. जिल्ह्यात जमावबंदी आहे का, तेही त्यालाच विचारा. महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम 37 चे आदेश आपल्याकडे सण, जयंत्या, निवडणुकांच्या तोंडावर सारखे निघत असतात. संभाजीनगर शहरात ते पोलिस आयुक्त काढतात, इतर जिल्ह्यांत जिल्हाधिकारी कार्यालयातून निघतात. कलम 37(3) खालची जमावबंदी शासनाच्या मंजुरीशिवाय 15 दिवसांहून जास्त चालत नाही, म्हणून आदेशाची शेवटची तारीख बघा. जुनं कलम 144 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 163 झालं आहे.

जमावबंदी आहे म्हणजे तोंडाला कुलूप, असंही नाही. बीड जिल्ह्यात माजलगावच्या जुन्या ईदगाह मैदानावर नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरोधात बसायला परवानगी नाकारली होती, ती याच कलम 37 च्या आदेशाचा आधार घेऊन. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने फेब्रुवारी 2020 मध्ये तो नकार रद्द केला. आदेश कागदावर सगळ्यांना लागू असला तरी रोख एकाच आंदोलनावर आहे, असं न्यायालयाला दिसलं. एखाद्या कायद्याला शांततेने विरोध करणाऱ्यांना केवळ तेवढ्यावरून देशद्रोही म्हणता येणार नाही, असंही निकालात आहे. हा आपल्याच खंडपीठाचा निकाल आहे. परवानगी नाकारली गेली तर कारणासह लेखी नकार मागा. तोंडी ‘नाही’ला कोर्टात आव्हान देणं अवघड जातं.

दुसरी बाजूही लक्षात असू द्या. शाहीन बागेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2020 मध्ये सांगितलं, की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही. म्हणजे जालना रोडवर रास्ता रोको करायचा विचार असेल तर गुन्हा दाखल होणार हे धरूनच चाला.

भोंगा लावायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी. शासनाने घोषित केलं असेल तिथे शैक्षणिक संस्थेभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात येतो आणि रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. शांतता क्षेत्रात डफ-हलगी वाजवायलाही मनाई आहे, ते लक्षात ठेवा.

4. आंदोलनाच्या दिवशी

माझं मत विचाराल तर विद्यार्थ्यांची आंदोलनं तीन गोष्टींमुळे फसतात: कुलूप, घेराव आणि काच. कार्यालयाला टाळं ठोकलं किंवा अधिकाऱ्याला केबिनमधून बाहेर पडू दिलं नाही, की अटकाव आणि डांबून ठेवण्याची कलमं लागतात. त्यात झटापट झाली तर लोकसेवकावर बळाचा वापर केल्याचं न्याय संहितेचं कलम 132 लागतं. हेच जुनं 353. ते अजामीनपात्र आहे. ज्याला फौजदार व्हायचंय त्याने हा आकडा पाठ करून ठेवावा. काच फुटली तर सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा 1984 चा कायदा वेगळाच.

त्यामुळे कामं आधीच वाटून घ्या. प्रशासनाशी बोलायला दोघं-तिघं, त्यात एक तरी मुलगी. एक जण फक्त व्हिडिओ काढणारा, घोषणा न देणारा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग चित्रीकरण ठेवा. तुकडे करून, वर गाणं टाकून बनवलेल्या रीलचा चौकशीत काही उपयोग होत नाही. मूळ फाईल ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर प्रमाणपत्र लागतं आणि ते मूळ उपकरणावरूनच नीट देता येतं.

बाहेरून कोणी पुढारी येणार असेल तर दहादा विचार करा. त्याच्या गाडीमागून येणाऱ्या पन्नास जणांनी काय केलं, याचं उत्तर पुढे तुम्हालाच द्यावं लागतं. पुढारी तोवर दुसऱ्या तालुक्यात पोचलेला असतो.

संध्याकाळी शिष्टमंडळाला आत बोलावून ‘सगळं मान्य, आता उठा’ असं सांगतात. लेखी पत्र मागा: कोणती मागणी, कोणत्या तारखेपर्यंत, कोणाची सही. आणि त्यातच एक ओळ घालायला सांगा, की या आंदोलनात सहभागी झालेल्यांवर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. उठायच्या घाईत ही ओळ राहून जाते.

5. पोलिस आले तर

बहुतेक वेळा आधी नोटीस येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 149 ची, जी आता नागरिक सुरक्षा संहितेत 168 आहे. ‘कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल’ असा मजकूर असतो. ती म्हणजे अटक नाही आणि गुन्हाही नाही. सही करून एक प्रत ठेवून घ्या.

गाडीत घालून ठाण्यात नेलं आणि संध्याकाळी सोडलं, तर ते सहसा पोलिस अधिनियमाच्या कलम 68-69 खाली असतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 170 खाली प्रतिबंधक अटक केली तर ती 24 तासांपुरतीच. गुन्हा नोंदवून अटक केली असेल तर कारण सांगणं, घरच्यांना कळवणं, वकिलाला भेटू देणं आणि 24 तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणं बंधनकारक आहे. मुलींना सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेतली तरच. कमी शिक्षेच्या गुन्ह्यात बऱ्याचदा अटकेऐवजी त्याच संहितेच्या कलम 35(3) ची हजर राहण्याची नोटीस मिळते. तिला न जुमानता गावाकडे निघून जाणं हा सगळ्यात वाईट सल्ला. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायला पोलिसांना लेखी कारण द्यावं लागतं, न पाळल्यास तेच अटकेचं कारण होऊ शकतं.

कोऱ्या कागदावर सही नाही. वाचायला वेळ मागा. मोफत वकिलासाठी 15100 हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे विद्यार्थी आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचं कार्यालय असतं.

6. कारणे दाखवा नोटीस

इथे घाई करू नका. पोलिसांची भीती असते ती दिसते तरी. विद्यापीठाची नोटीस आंदोलन विसरल्यावर, परीक्षेच्या तोंडावर, विभागातल्या शिपायाच्या हातून येते. पोरं घाबरून रात्रीतून ‘मी तिथे नव्हतो’ असं लिहून देतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोटो समोर येतो.

पोच देताना स्वतःच्या हाताने मिळाल्याची तारीख आणि वेळ लिहा. उत्तराची मुदत तिथपासून मोजली जाते. मग नोटीस तीनदा वाचा आणि बघा: आरोप नेमका काय, कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी, नियमाचा कोणता क्रमांक मोडला? ‘आपण गैरवर्तन केल्याचे निदर्शनास आले आहे’ एवढंच असेल तर आरोप मोघम आहे आणि तसं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

पहिलं उत्तर म्हणजे खुलासा नव्हे, कागदपत्रांची मागणी. साधारण असं:

‘दि. __ रोजीची नोटीस मला दि. __ रोजी मिळाली. त्यात नमूद आरोपाचा तपशील, तो ज्या तक्रारीवर, अहवालावर व चित्रीकरणावर आधारित आहे त्याच्या प्रती, तसेच ज्या नियमाचा भंग झाल्याचे म्हटले आहे त्याची प्रत मला मिळाल्यास मी सविस्तर खुलासा सादर करू शकेन. प्रती मिळाल्यापासून सात दिवसांची मुदत द्यावी, ही विनंती. तोपर्यंत वरील आरोप मला मान्य नाहीत.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर ‘विद्यार्थ्याने आरोप नाकारलेले नाहीत’ असं टिपण होऊ शकतं.

त्याच दिवशी माहिती अधिकारात सीसीटीव्ही चित्रीकरण, सुरक्षारक्षकांची नोंदवही आणि तुमच्या निवेदनावरचा शेरा मागा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक विषय, 150 शब्दांच्या आत. उत्तराला 30 दिवस मिळतात, म्हणजे खुलाशाच्या मुदतीत ते येणार नाही. पण सीसीटीव्हीवर काही दिवसांनी नवं चित्रीकरण चढतं, त्याआधी ‘जतन करा’ अशी लेखी मागणी नोंदवलेली असली की पुढे ‘उपलब्ध नाही’ म्हणणं त्यांना जड जातं.

खुलाशात काय लिहायचं? खरं तेच. हजर होता तर हजर होतो म्हणा. शांततेने बसणं हा गुन्हा नाही. जे केलं नाही ते स्पष्ट नाकारा. दुसऱ्याचं नाव घेऊन स्वतः सुटायचा प्रयत्न करू नका. एक तर ते शोभत नाही, आणि तो पुढे तुमच्याविरुद्ध साक्षीदार होतो. फौजदारी गुन्हाही दाखल असेल तर खुलासा देण्याआधी वकिलाला दाखवा, कारण इथे लिहिलेलं तिथे वापरलं जाऊ शकतं. दोन्ही प्रकरणं एकाच वेळी चालू शकतात. गुन्ह्यातून सुटलात तर विद्यापीठाची कारवाई आपोआप संपत नाही.

या टप्प्यावर फाईलमध्ये हे असलं पाहिजे:

- ओळखपत्र, प्रवेशाची पावती, बोनाफाईड
- आवक शिक्क्याचं निवेदन आणि टपालाच्या पावत्या
- पोलिसांना दिलेलं पत्र, मिळालेल्या नोटिशा
- विद्यापीठाची नोटीस आणि ती ज्या पाकिटातून आली ते पाकीटसुद्धा
- मूळ चित्रीकरणाची पेनड्राइव्हवर प्रत
- हजेरीपत्रक, त्या वेळी वर्गात किंवा प्रयोगशाळेत होता तर ते सगळ्यात मोठं
- गुन्हा दाखल असेल तर प्राथमिक माहिती अहवालाची प्रत

7. चौकशी समितीसमोर

समितीत कोण आहे ते आधी लेखी विचारा. ज्या अधिकाऱ्याने तुमच्याविरुद्ध तक्रार दिली तोच समितीत बसला असेल तर सुरुवातीलाच लेखी हरकत घ्या. नंतर घेतलेल्या हरकतीला फारशी किंमत राहत नाही.

टेबलापलीकडे पाच प्राध्यापक, अलीकडे एक खुर्ची, भिंतीवरचा पंखा खडखडत असतो. त्यातले एखादे सर तुम्हाला शिकवणारेच असतात. पहिला प्रश्न बहुधा हा: ‘तुझे वडील काय करतात?’ दुसरा: ‘त्यांना माहीत आहे का, तू इथे काय करतोस?’ यात आरोपाचा संबंध नाही. सौम्यपणे म्हणा, ‘सर, नोटिशीतल्या मुद्द्यांवर विचारा, मी उत्तर देतो.’ लेखी खुलासा वाचून दाखवा, त्याची प्रत इतिवृत्ताला जोडायची विनंती करा. जबाब टंकलिखित करून सहीला दिला तर प्रत्येक ओळ वाचा. चुकीचं असेल तिथे हाताने दुरुस्त करून बाजूला छोटी सही करा.

आता कायद्याची मर्यादा, कारण इथे खोट्या आशेवर राहून उपयोग नाही. ही चौकशी म्हणजे कोर्ट नाही. ऐकून घेतल्याशिवाय विद्यार्थ्याला शिक्षा करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने घनश्यामदास गुप्ता प्रकरणात 1962 मध्येच सांगितलंय. पण ‘ऐकून घेणं’ म्हणजे प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी असं नव्हे. 1973 मध्ये रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणात मुलींनी मुलांविरुद्ध दिलेली साक्ष त्या मुलांच्या पाठीमागे घेतली होती आणि न्यायालयाने ते ग्राह्य धरलं, कारण समोर आणलं तर मुलींना त्रास झाला असता. तेव्हा ‘मला उलटतपासणी दिली नाही’ या एका मुद्द्यावर सगळी भिस्त ठेवू नका. आरोप कळवला का, पुरावा दाखवला का, बाजू ऐकली का, शिक्षा प्रमाणात आहे का, या चार प्रश्नांवर प्रकरण उभं राहतं.

समितीनंतर एक मऊ प्रस्ताव येतो: ‘माफीनामा दे, विषय संपला.’ सरसकट नाही म्हणू नका आणि सरसकट हो पण म्हणू नका. मजकूर बघा. ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे’ हे चालेल. ‘मी आरोप मान्य करतो आणि शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही आंदोलनात भाग घेणार नाही’ यावर सही म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला थेट बाहेर काढायला त्यांच्या हातात तयार कागद. मजकूर स्वतः लिहितो म्हणा.

8. निर्णय विरोधात गेला तर

आदेश लेखी आणि कारणांसह मागा. मग पुढचे दरवाजे.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे तक्रार निवारणाचे 2023 चे विनियम आहेत. त्याखाली प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठात लोकपाल असायला हवा. संस्थेने स्वतःच्या नियमाविरुद्ध केलेली कारवाई, विद्यार्थ्याचा छळ, मूळ कागदपत्रं अडकवून ठेवणं, हे सगळं तिथे नेता येतं. समितीला 15 कामकाजाचे दिवस. तिचा निर्णय पटला नाही तर 15 दिवसांत लोकपालाकडे अपील. लोकपालाने 30 दिवसांत निकाली काढावं अशी अपेक्षा आहे. आंदोलनाचा राग म्हणून टीसी किंवा गुणपत्रक अडवलं असेल तर हा मार्ग चांगला चालतो.

हकालपट्टी, मोठं निलंबन किंवा परीक्षेला मनाई असेल तर लोकपालाची वाट बघत बसायला वेळ नसतो. अनुच्छेद 226 खाली औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करावी लागते. मुख्य निकाल नंतर लागतो. आधी मागायचा तो ‘याचिकेच्या निकालास अधीन राहून परीक्षेला बसू द्यावे’ असा अंतरिम आदेश. हॉल तिकीट निघायच्या आधी जा. परीक्षेच्या आदल्या रात्री वकिलाचं दार वाजवलं तर तो तरी काय करील?

अशा प्रकरणांत पुढे काय होतं याचे तीन नमुने. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठाने ऑक्टोबर 2019 मध्ये पंतप्रधानांना सामूहिक पत्र लिहिण्याचा कार्यक्रम केला म्हणून सहा विद्यार्थ्यांना काढलं, गाजावाजा झाला आणि काही दिवसांत आदेश स्वतःच मागे घेतला. कोर्टात जायची गरजच पडली नाही. पुण्यातल्या एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीला मे 2025 मध्ये समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून कॉलेजने काढून टाकलं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश स्थगित करून तिला परीक्षेसाठी मोकळं केलं. बाजू न ऐकताच काढलं हा मुद्दा तिथे ठळक होता. तिसरा नमुना कडू आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने 2024 मध्ये एका पीएचडीच्या दलित विद्यार्थ्याला दोन वर्षं निलंबित केलं. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भोगून झालेल्या काळापुरतंच निलंबन ठेवून त्याला शिक्षण पूर्ण करायची वाट दिली. तोपर्यंत एक वर्ष गेलेलं होतं. संशोधक विद्यार्थ्यांनी हे लक्षात घ्यावं: निलंबनाने फेलोशिप थांबते, गाईडची सही थांबते, सहामाही प्रगती अहवाल अडकतो. निलंबनाच्या काळात गाईडला कामाचा अहवाल ईमेलने पाठवत राहा.

9. घरचे, आणि पुढची नोकरी

कॉलेज घरी फोन करतंच. त्याआधी तुम्ही करा. बाप शेतात असताना अनोळखी नंबरवरून ‘तुमच्या पोराला काढून टाकतोय’ ऐकणं आणि तुमच्या तोंडून आदल्या रात्री सगळं ऐकणं, यात फार फरक आहे. कॉलेजने पालकांना बोलावलं तर त्यांच्याकडूनही हमीपत्रावर सही घेतात. मजकुराचा नियम त्यांनाही सांगून ठेवा.

पोलिस भरती, एमपीएससी, कोणत्याही सरकारी नेमणुकीत साक्षांकन नमुना भरताना गुन्ह्याची माहिती विचारतात. लपवू नका. सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात 2016 मध्ये सांगितलंय, की तरुण वयात घोषणा दिल्यासारखा किरकोळ गुन्हा लपवला तरी मालकाला तो दुर्लक्षित करता येतो. पण ते त्याच्या मर्जीवर सोडलंय. खरं सांगितलेल्या किरकोळ गुन्ह्यापेक्षा लपवलेला किरकोळ गुन्हा जास्त नोकऱ्या खातो.

राज्य सरकार राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घ्यायचे शासन निर्णय अधूनमधून काढतं. जीवितहानी नसावी, नुकसान ठराविक रकमेच्या आत असावं, अशा अटी असतात. वर्तमानपत्रात बातमी आली म्हणजे तुमचा खटला निघाला असं नाही. तुम्हाला अर्ज करावा लागतो, समिती शिफारस करते, सरकारी अभियोक्ता कोर्टात अर्ज देतो आणि न्यायाधीशांनी संमती दिली तरच खटला मागे घेतला जातो. अर्जात गुन्हा क्रमांक, पोलिस ठाणं, कलमं आणि कोर्टातला खटला क्रमांक लागतो. हे चारही आकडे आजच एका कागदावर लिहून फाईलच्या पहिल्या पानाला लावा. आदेश झाला की त्याची प्रमाणित प्रत काढा आणि ठाण्यातली नोंदही अद्ययावत करायला अर्ज द्या. चारित्र्य पडताळणीच्या वेळी अंमलदार ठाण्याच्या नोंदीतच बघतो.